आधी त्यात गाणं घाल

अणदूरमधल्या माझ्या खोलीला स्टुडिओ म्हणायचं की नाही, यावर घरात एकमत नाही. बायको तिला 'गाद्यांची खोली' म्हणते आणि त्यात तिचं काही चुकत नाही. चारही भिंतींना कापसाच्या जुन्या गाद्या ठोकल्यात, दाराला गोधडी आहे, आणि रेकॉर्डिंग सुरू असलं की स्वयंपाकघरातला फ्रीज बंद ठेवावा लागतो, कारण त्याची घरघर माइकमध्ये उतरते. फ्रीज बंद करता येतो, सोलापूर-हैदराबाद हायवे बंद करता येत नाही. त्यामुळे माझ्याकडे झालेल्या खंडोबाच्या जागरणात कुठं ना कुठं ट्रकचा हॉर्न सापडतोच. एका वाघ्याने तर एकदा हॉर्नचाच सूर धरून पद उचललं होतं. तो टेक मी अजून जपून ठेवलाय.

मागच्या पौषात, देव नळदुर्गला मैलारपूरच्या मुक्कामी होता तेव्हा, एक पोरगं पेन ड्राइव्ह घेऊन आलं. आमच्याकडे देव एकच आणि गावं दोन. वर्षातले बरेचसे महिने तो अणदूरला असतो, मग मार्गशीर्षात नळदुर्गला जातो आणि पौष पौर्णिमेची यात्रा करून परततो. तो तिकडे असला की मला जरा सवड असते. पोरगं म्हणालं, "काका, रॅप करायचाय."

पेन ड्राइव्हवर नेटवरून उतरवलेला बीट होता. कानाला हेडफोन लावला, माइकसमोर उभं राहिलं आणि सुरू झालं. शब्द खंडोबावर होते, पण बोलणं धारावीचं. प्रत्येक तिसऱ्या ओळीला 'भाई', मधेच हिंदी आणि उगाच आवाज घोगरा केलेला. थांबवून विचारलं, "घरी असंच बोलतोस का रे?"

"न्हाई. पण रॅपमधे असंच बोलतेत की."

त्या संध्याकाळी मी त्याला पोर्ट आर्थरची गोष्ट सांगितली. मी काही तिकडे गेलेलो नाही. मुलाखती ऐकल्या, तिथल्या एका रॅपरच्या, जुलिया बेव्हर्लींनी लिहिलेल्या जाडजूड चरित्राच्या वाटेला गेलो आणि मुख्य म्हणजे त्याची गाणी हेडफोन लावून शंभरदा उसवून पाहिली. धंद्यातला माणूस गाणं ऐकत नाही, उसवतो.

पोर्ट आर्थर हे अमेरिकेच्या टेक्सास राज्यातलं, लुइझियानाच्या सीमेला चिकटलेलं गाव. तिथं तेलाच्या रिफायनऱ्या आहेत. त्यांचा वास गावाच्या अंगालाच लागलेला. जॅनिस जॉप्लिन १९४३ साली याच गावात जन्मली, मोठी झाली आणि निघून गेली. ह्यूस्टन शहर तिथून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. ऐंशीच्या दशकात रॅप म्हणजे न्यूयॉर्क, आणि फार तर लॉस एंजेलिस. ह्यूस्टनलाच कोणी विचारत नव्हतं, मग पोर्ट आर्थर कुठल्या खिजगणतीत! मुंबईवाल्याला धाराशिव सांगावं, त्याने 'म्हणजे लातूरजवळ ना?' म्हणावं, आणि मग आपण अणदूरचं नावच काढू नये, तशातली गत.

या गावात चॅड बटलर नावाचं एक पोरगं वाढलं. १९७३ च्या डिसेंबरातला जन्म. पुढे त्याने नाव घेतलं पिंप सी. नाव ओंगळ आहे. त्याचा अर्थ मी त्या पोराला सांगितला नाही, इथंही सांगत बसत नाही. वडील ट्रंपेट वाजवायचे. आईवडील वेगळे झाले, आईने दुसरं लग्न केलं, आणि सावत्र वडील निघाले शाळेच्या बँडचे मास्तर. आई ग्रंथपाल. म्हणजे गल्लीतल्या गुंडगिरीवर गाणी रचणारा हा माणूस पुस्तकं आणि पितळी वाद्यं यांच्या मधोमध वाढला होता. त्याच्या पहिल्या दिवसांबद्दल बोलताना हे बरेचदा गाळलं जातं, आणि मला वाटतं सगळं इंगित तिथंच आहे.

किस्सा असा. चॅड खोलीत यंत्रावर ताल बडवत बसलेला, वर बोलणं सुरू. सावत्र वडिलांनी ऐकलं. त्यांनी रागावून ते बंद करवलं नाही. ते म्हणाले ते साधारण असं : हा नुसता गोंगाट आहे, यात संगीत घाल, मग कदाचित चार पैसे सुटतील. बँडमास्तर माणूस, हिशोबात बोलला. पोराने ते आयुष्यभर धरून ठेवलं आणि मोठेपणी स्वतःच सांगत राहिला.

शाळेत तो समूहगानात होता. तिकडे शाळांच्या राज्य पातळीच्या संगीत स्पर्धा असतात. त्यात एकल गायनात त्याला पहिल्या श्रेणीचा शेरा मिळाला होता. तोही रॅपला नव्हे, अभिजात धाटणीच्या गाण्याला. आता हे ऐकणाऱ्याला गमतीचं वाटेल, पण मी रेकॉर्डिंगवाला आहे, मला यातलं वेगळंच दिसतं. समूहात गायलेल्या माणसाला दोन गोष्टी फुकट येतात. श्वास कुठं घ्यायचा हे कळतं, आणि शेजारच्याचा सूर कानात ठेवून आपला वेगळा सूर लावता येतो. त्याच्या गाण्यांची ध्रुवपदं हेडफोनवर ऐका. त्याने स्वतःचाच आवाज एकावर एक चढवलाय. एक खालचा, एक मधला, एक वर नाकातून येणारा. एका माणसाचं भजनी मंडळ! माझ्याकडे येणारी पोरं आवाज जाड व्हावा म्हणून तीच ओळ तीनदा त्याच सुरात म्हणतात. मग ते भजनी मंडळ होत नाही, प्रतिध्वनी होतो.

त्याच्या गटाची सुरुवात चार जणांची. चॅडची एक जोडी होती, बर्नार्ड फ्रीमन ऊर्फ बन बी याची दुसरी. दोन्ही जोड्या एकत्र आल्या आणि नाव घेतलं 'फोर ब्लॅक मिनिस्टर्स'. मग दोघे गळाले. आपल्याकडच्या बँजो पार्टीतून कीबोर्डवाला पुण्याला नोकरीला लागला की पार्टीचं जे होतं तेच. उरले दोन, आणि नाव राहिलं 'अंडरग्राउंड किंग्ज', म्हणजे यूजीके. बन बीचा आवाज भरदार, शब्द दगडी भिंतीसारखे एकावर एक रचणारा. चॅडचा आवाज पातळ, लांबवत नेणारा, जणू दारात उभं राहून शेजाऱ्याची खोड काढतोय. जागरणात मुख्य वाघ्या आणि त्याला 'जी' देणारा साथीदार यांचे आवाज सारखे असून चालत नाही, हे ज्याला कळतं त्याला यूजीके कळेल.

आता बाजाराचा भाग. ह्यूस्टनमध्ये किंग्ज फ्ली मार्केट नावाचा बाजार होता. फ्ली मार्केट म्हणजे जुनंपुरानं, कपडे, चपला, काय वाट्टेल ते मिळणारी जागा. आपला आठवडी बाजार, फक्त डोक्यावर छप्पर. तिथं रसेल वॉशिंग्टन या माणसाचं कॅसेट-रेकॉर्डचं दुकान होतं. ही दोघं पोरं आपली कॅसेट घेऊन या दुकानदारापर्यंत पोचली. त्याने 'बिगटाइम' नावाने त्यांचं ध्वनिमुद्रण काढलं. नाव होतं 'द सदर्न वे'. दक्षिणेचा रिवाज! न्यूयॉर्कची नक्कल करण्यात सगळ्यांचा जीव चालला असताना पहिल्याच कॅसेटच्या कपाळावर पोरांनी गाव लिहून टाकलं.

दुकानदाराने कंपनी काढणं यात मला नवल वाटत नाही. आमच्या भागात कॅसेटचा जमाना होता तेव्हा हेच चालायचं. प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याकडचे. त्यांचा आवाज गावोगाव पोचला तो रेडिओइतकाच एसटी स्टँडवरच्या कॅसेटच्या टपऱ्यांनी पोचवला. काय खपतंय, कोण कुठल्या गाण्याला 'परत लाव' म्हणतोय, हे टपरीवाल्याला सगळ्यात आधी कळतं. मोठ्या कंपनीच्या साहेबाला ते सहा महिन्यांनी कागदावर दिसतं.

तर कागदावर दिसलं. 'जाइव्ह' या न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या कंपनीने त्यांना घेतलं, आणि १० नोव्हेंबर १९९२ ला 'टू हार्ड टू स्वॉलो' हा अल्बम आला. बन बी एकोणीस वर्षांचा, चॅड अठराचा. दुसऱ्या वर्षी 'मेनेस टू सोसायटी' या सिनेमात त्यांचं एक गाणं घेतलं गेलं आणि टेक्सासबाहेर नाव गेलं. गावाकडे याला 'पोरगं लागलं लाइनीला' म्हणतात. पण अल्बम ऐकला की वाटतं, अजून ते आपल्या घरात नीट बसलेले नाहीत. बऱ्याच जागी जुन्या रेकॉर्डींचे तुकडे टाके घालून जोडलेत. टाके बारीक आहेत, पण दिसतात.

या तुकड्यांची भानगड थोडी सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. जुन्या गाण्यातला दोन-चार सेकंदांचा भाग कापायचा, तो यंत्रात फिरवत ठेवायचा आणि त्यावर आपलं बोलायचं, याला सॅम्पल म्हणतात. ऐंशीच्या दशकात बहुतेक जण हे न विचारता करायचे. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात बिझ मार्की या रॅपरच्या विरोधात निकाल लागला. गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्याचा तुकडा त्याने परवानगीशिवाय वापरला होता, आणि न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच चोरी करू नये या बायबलच्या आज्ञेने केली. तिथून पुढे कंपन्या घाबरल्या. तुकडा घ्यायचा तर पैसे मोजा, नाहीतर काढून टाका. (आमच्याकडच्या पार्ट्यांनी हिंदी सिनेमाच्या चालींवर देवाची किती गाणी बसवली, हे त्या न्यायाधीशांच्या कानावर गेलं असतं तर अख्खा तालुका आत गेला असता.)

ज्यांना फक्त कापाकापी येत होती ते अडकले. चॅडला वाजवता येत होतं. ऑर्गनचा जो सूर त्याला चर्चकडच्या गाण्यांतला हवा होता, तो बोटांनी काढता येत होता. बँडमास्तरचं ते वाक्य इथं कामाला आलं असं मला वाटतं. १९९४ च्या 'सुपर टाइट' मध्ये फरक लगेच कानावर येतो. त्यात गिटार वाजवलंय लिओ नोसेंटेली यांनी. नोसेंटेली म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या 'द मीटर्स' या गटाचे गिटारवादक. साठ-सत्तरच्या दशकात त्यांनी वाजवलेले तुकडे कापून कापून अर्धं रॅपविश्व पोट भरत होतं. या पोरांनी तुकडा कापला नाही, माणूसच बोलावला. विहिरीचं पाणी विकत आणण्यापेक्षा विहीर खणणाऱ्याला जेवायला घालावं, तसं. सोबतीला न्यू ऑर्लिन्सचाच निर्माता एन. ओ. जो होता, आणि तो सगळा रस्सा लुइझियानाच्या बाजूने उकळून आलेला कळतो.

मला चॅडच्या कामात सगळ्यात आवडते ती एक बारीक गोष्ट. ढोलाचा ठोका आणि बासचा सूर तो एकमेकांवर चढू देत नाही. नवशिक्या दोन्ही एकदम वाजवतो, मग गाडीतल्या स्पीकरमध्ये नुसती धडधड होते. चॅड ठोक्यानंतर बासला कणभर जागा देतो, आणि त्या जागेत ऑर्गन येऊन बसतो. मी हे करायला गेलो तेव्हा एका भक्तिगीताचं मिक्सिंग चार दिवस चाललं. गिऱ्हाईक म्हणालं, "आवाज कमी झालाय, पैसे कमी करा."

३० जुलै १९९६ ला 'रायडिन डर्टी' आला. गाण्याचा व्हिडिओ नाही, रेडिओसाठी वेगळं काढलेलं गाणं नाही. तरी अमेरिकेच्या आर अँड बी अल्बमांच्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला आणि पुढे पाच लाख प्रतींच्या वर खपला. हे कसं झालं याचं उत्तर गाड्यांत आहे. तिकडच्या दक्षिणेत गावं लांब लांब, लोक तासन्‌तास गाडीत, आणि हा अल्बम मुळातच गाडीत ऐकायला केल्यासारखा. आपल्याकडे ट्रक-ट्रॅक्टरवर वाजणाऱ्या गाण्याला मासिकात परीक्षण लागत नाही, तशातलाच प्रकार.

न्यूयॉर्कने नाक मुरडायचं काही सोडलं नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये तिथल्या 'सोर्स' पुरस्कारांच्या कार्यक्रमात अटलांटाच्या आउटकास्ट या रॅप गटाला बक्षीस मिळालं, तेव्हा सभागृहात हुर्यो उठली. त्यातल्या आंद्रेने माइकवर थोडक्यात सुनावलं की दक्षिणेलाही काही म्हणायचंय. ते वाक्य आता इतिहासात गेलंय. चॅडचा मार्ग जरा आडमुठा होता. तो म्हणायचा, मी हिपहॉप करतच नाही, मी करतो ती 'कंट्री रॅप ट्यून्स', खेड्याकडची रॅप गाणी. तुमच्या परीक्षेला बसतच नाही म्हटल्यावर नापास कोण करणार?

त्याच्या आईला सगळं रॅपविश्व 'मामा वेस' म्हणायचं. (आपल्याकडे मामा म्हटलं की नवरीला बोहल्यावर आणणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. तिकडे मामा म्हणजे आई.) ग्रंथपाल बाई, पण पोराचा कारभार, फोन, करार, कोणाला भेटायचं आणि कोणाला दारातून परत पाठवायचं, हे तीच बघायची. ज्या तोंडाने तो गाण्यात बायकांविषयी वाट्टेल ते बोलायचा, ते तोंड आईपुढे बंद असावं, असं उगाच वाटतं. त्या गाण्यांतलं नशेचं आणि बायकांचं बोलणं मला पटत नाही, आणि गावातल्या पोराला ऐकवताना मी चार गाणी निवडूनच ऐकवली.

एक किस्सा पुढच्या काळातला, पण सांगायलाच हवा. २००० च्या सुमाराला जे-झी या रॅपरने यूजीकेला 'बिग पिंपिन' या गाण्यासाठी बोलावलं. टिंबलँडचं संगीत, इजिप्तच्या बलीघ हमदींच्या चालीवर बेतलेली बासरी. मोठ्यात मोठी संधी. चॅडला ते गाणं पसंतच नव्हतं. हे आपलं नाही, आपली माणसं काय म्हणतील, असं त्याचं चाललेलं. शेवटी मनधरणी झाली आणि त्याने फक्त आठ मात्राखंड म्हणून पाठवले. बाकीच्यांनी भरभरून म्हटलंय, आणि लोकांना पाठ आहेत ते त्याचे आठ. व्हिडिओचं चित्रीकरण त्रिनिदादच्या जत्रेत होतं, तिकडे तो गेला नाही. त्याचा भाग मायामीत झाला, तिथल्या उकाड्यात अंगात फरचा कोट घालून.

तुरुंगातली वर्षं, २००७ चा पहिल्या क्रमांकावर गेलेला अल्बम, आणि त्याच वर्षी ४ डिसेंबरला लॉस एंजेलिसजवळच्या हॉटेलात तेहतिसाव्या वर्षी मृत्यू, हे मी पोराला दोन वाक्यांत सांगितलं. खोकल्याच्या औषधाची नशा आणि झोपेत श्वास अडकण्याचा आजार, दोन्ही मिळून गेला. पोरगं थोडा वेळ गप्प बसलं. मग म्हणालं, "मंग मी आता कसं म्हणू?"

म्हटलं, आपल्याकडे अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आहे. नाव लिहितो आकड्यात, १०० आणि पुढे आरबीएच. 'सौ' म्हणजे शंभर, वाचलं की सौरभ. 'गली बॉय' मधल्या 'इंडिया ९१' मध्ये त्याचा आवाज आहे, आणि तो वऱ्हाडी लपवत नाही. तू का लपवतोस? आपण रोज 'येळकोट' म्हणतो तो शब्द तरी कुठून आला? कानडीतून. येळू म्हणजे सात, कोटी म्हणजे कोटी. पलीकडच्या भाषेतला शब्द इथल्या भंडाऱ्यात मुरला आणि आता जेजुरीपर्यंत सगळे ओरडतात. पोर्ट आर्थरच्या पोरांचा 'ट्रिल' हा गावठी शब्द, खरा आणि अस्सल अशा दोन शब्दांना चेपून केलेला, असाच जगभर गेला.

आठ दिवसांनी पोरगं परत आलं. सोबत आजोबा. आजोबा जुने वाघ्ये, कमरेला कोटंबा नाही पण बगलेत दिमडी. पोराने म्हणायला सुरुवात केली. या वेळी 'करायलाव', 'जायलाव', 'काय म्हनालास' सगळं जिथल्या तिथं. आजोबांनी एक हेडफोन कानाला लावून ऐकलं आणि माझ्याकडे वळले.

"एवढं घाईनं कशापायी बोलायलंय हे? मागं कुत्रं लागलंय का?"

पोरगं लाजलं. मी बीटचा वेग थोडा उतरवला. आजोबांनी दिमडीवर बोट मारलं, मान हलवली. अवकाळी पावसाची हवा, कातडं सैल पडलेलं. "विस्तव हाय का?" विस्तव कुठला असायला. बायकोने स्वयंपाकघरातला गॅस पेटवून दिला. आजोबा दिमडी ज्योतीवर दोन हात वर धरून फिरवत राहिले, मधेमधे बोटाने ठोकत, कान देत. प्रत्येक ठोक्याला सूर केसभर वर चढत होता. आतल्या खोलीत माझं यंत्र चालूच राहिलं होतं, गोधडी दारातून बाजूला सरकलेली. ते सगळं रेकॉर्ड झालं : गॅसचा सुस्कारा, दिमडीचे चढते ठोके, हायवेवरचा एक हॉर्न आणि बायकोचा आवाज, "भाजी करपली तर मी बोलणार नाही, आत्ताच सांगते."

गाण्याच्या सुरुवातीला ते तसंच ठेवलंय. पोराने भाजीचं काढायला सांगितलं होतं.